नो-फ्रॉस्ट फ्रिजचा डिफ्रॉस्ट संच: तीन भाग कामाचे, चौथा जपून

फ्रीझरमध्ये थंडावा आहे, पण खाली दूध नासतंय. वर आतून खरखर आवाज. नो-फ्रॉस्ट फ्रिजची ही तक्रार निघाली की कानावर येतं ते "गॅस संपला" किंवा "कॉम्प्रेसर गेला". पुष्कळदा दोन्ही शाबूत असतात. बिघडलेली असते ती डिफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा (गारवा देणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावरचा) बर्फ ठरावीक वेळाने वितळवणारी यंत्रणा. तिचे चार सुटे भाग, म्हणजे टायमर, बायमेटल (तापमानानुसार जुळणारा-सुटणारा स्विच), थर्मल फ्यूज (फार तापल्यास कायमचा तुटणारा फ्यूज) आणि हीटर, एकत्र बांधून 'युनिव्हर्सल' संच म्हणून विकले जातात. संच उपयोगाचा आहे, पण 'युनिव्हर्सल' हा शब्द चारही भागांना सारखा लागू पडत नाही.

आधी तो कोणत्या फ्रिजसाठी आहे ते पाहू. ज्यात फिरणारा यांत्रिक टायमर आहे, त्याच नो-फ्रॉस्ट फ्रिजसाठी. इन्व्हर्टर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या फ्रिजमध्ये टायमरचं काम बोर्ड करतो आणि कॉइलचं तापमान सहसा सेन्सर सांगतो. तिथे सेन्सर काढून बायमेटल जोडला तर बोर्डाला तापमान कळणारच नाही. बटण दाबून बर्फ वितळवायच्या एकदारी फ्रिजमध्ये तर हा हीटरच नसतो.

आता आवाज. नो-फ्रॉस्ट फ्रिजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड कॉइल असते आणि तिच्यावरची गार हवा एक छोटा पंखा दोन्ही कप्प्यांत ढकलतो. बर्फ वाढत वाढत पात्यापर्यंत पोचला की लयीत खरखर ऐकू येते. बऱ्याच फ्रिजमध्ये दार उघडताच पंखा थांबतो. म्हणून दार उघडं ठेवून चौकटीतला दाराचा स्विच बोटाने दाबून धरायचा. खरखर सुरू झाली आणि बोट काढताच थांबली, तर आवाज पंख्याचा. खरखरीऐवजी बारीक किंचाळल्यासारखा आवाज असेल तर मोटरचा बुश सुकलाय, तिथे मोटरच बदलावी लागते. फ्रिजच्या मागे खालून दर काही मिनिटांनी थोडी घुरघुर आणि मग 'टिक' येत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाहीये. आधी त्याला सुरू करून देणारा रिले आणि त्याला जपणारा ओव्हरलोड तपासायचा. या दोन्ही बिघाडांवर हा संच काही करणार नाही. कॉइलमधली बुडबुड आणि गार-गरम होताना प्लास्टिक तडकल्यासारखा येणारा आवाज हा बिघाडच नव्हे.

यानंतर प्लग काढून फ्रीझरचं मागचं पॅनेल उघडायचं. इथे एक मोठी चूक होते: पॅनेल उघडण्याआधीच लोक फ्रिज बंद ठेवून बर्फ वितळवून टाकतात. बर्फाची ठेवण हाच तर पुरावा आहे. संपूर्ण कॉइल वरपासून खालपर्यंत जाड पांढऱ्या थराने झाकली असेल, तर डिफ्रॉस्ट बंद पडलाय. फक्त सुरुवातीच्या एखाद-दुसऱ्या वळणावर बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी किंवा ओली असेल, तर बहुधा गॅस कमी आहे. बंद नळ्यांमधला गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. त्यामुळे गळती न शोधता नुसता गॅस भरून घेण्यात अर्थ नाही. आणि दारातून दमट हवा शिरत असेल तरीही कॉइल भरून जाते. म्हणून दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून चारही बाजूंनी ओढून पाहावी. पट्टी अलगद निसटली त्या जागी रबर बसत नाहीये.

वितळवल्यावर फ्रिज आठ-दहा दिवस उत्तम चालतो आणि पुन्हा तीच तक्रार येते, हीसुद्धा डिफ्रॉस्ट बंद असल्याचीच खूण. मात्र बर्फ सुरीने खरवडू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला टोचलं की कॉइल गेली. प्लग काढून, दार उघडं ठेवून रात्रभर किंवा पूर्ण एक दिवस थांबावं आणि खाली जाड फडकी टाकावीत.

चार भाग एकाच साखळीत काम करतात. टायमर साधारण ६ ते १२ तासांनी कॉम्प्रेसरचा पुरवठा तोडून तो २०-३० मिनिटं हीटरकडे वळवतो. कॉइल गार असेपर्यंत बायमेटल जुळलेला राहतो आणि कॉइल शून्याच्या थोडी वर गेली की सुटून हीटर बंद करतो. तो सुटलाच नाही तर शेवटचा राखणदार म्हणजे थर्मल फ्यूज. यातला एक भाग जरी तुटला तरी बर्फ साठत जातो.

संचातला बायमेटल हा सगळ्यात उपयोगी भाग, आणि सगळ्यात चुकीचा तपासला जाणाराही. टेबलावर मल्टिमीटर लावला की तो 'ओपन' (सुटलेला) दाखवतो आणि लोक नवाकोरा भाग खराब म्हणून परत करतात. खोलीच्या तापमानाला तो ओपनच असायला हवा. नुसत्या बर्फातही तो जुळेलच असं नाही, कारण वितळू लागलेला साधा बर्फ शून्य अंशालाच राहतो. चुरलेल्या बर्फात भरपूर मीठ मिसळावं, बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात पुरावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी मोजावं. आता मीटरवर कंटिन्युइटी (वीज आरपार जात असल्याची खूण) मिळाली पाहिजे, आणि हातात धरून ऊब दिल्यावर 'टिक' होऊन सुटली पाहिजे. जुन्यावर छापलेले अंश नव्याशी जुळवून घ्यावेत.

थर्मल फ्यूज उलट कायम जुळलेला असतो आणि एकदा उडाला की उडाला. तो उडालेला सापडला तर बायमेटल चिकटला असण्याची शक्यता मोठी, म्हणून दोन्ही सोबतच बदलावेत. संचात दोन्ही येतात, ही त्याची खरी जमेची बाजू. फ्यूजच्या जागी सरळ वायर जोडून देणारे मेकॅनिक आहेत. तसं कुणालाही करू देऊ नये. हीटर चालूच राहिला तर आतलं प्लास्टिक वितळतं, आगही लागू शकते.

टायमर ठीक आहे. फक्त पिना जुन्यासारख्या दिसल्या तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, म्हणून त्यावर छापलेली आकृती ताडून पाहावी आणि वायर सोडवण्याआधी फोटो काढून ठेवावा.

हीटरच्या बाबतीत मात्र 'युनिव्हर्सल'वर विसंबू नये. २३० व्होल्टवर १५० वॉटच्या हीटरचा रोध साधारण ३५० ओहम येतो, २०० वॉटचा साधारण २६५. जुन्यावरचे वॉट वाचून नवा मोजून पाहावा. पण वॉट जुळले तरी लांबी जुळेलच असं नाही. हीटर आखूड असेल तर कॉइलची खालची कड आणि पाणी जायचं भोक गोठलेलंच राहतं आणि पाणी खालच्या भाजीच्या कप्प्यात उतरतं. कॉम्प्रेसरवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. तिथे त्याच मॉडेलचा, कंपनीने दिला तसाच हीटर घालावा. जुना हीटर योग्य रोध दाखवत असेल तर त्याला हात लावायची गरजच नाही. काचेच्या नळीचा असेल तर तो उघड्या बोटांनी धरू नये.

जोड देताना साधी चिकटपट्टी नको. कॉइलजवळ थंडी आणि ओल दोन्ही असतात, पट्टी काही महिन्यांत सुटते आणि जोड हिरवा पडतो. सोल्डर करून वर आतून चिकट लेप असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी.

बसवून झाल्यावर तपासणीची घाई करू नये. कॉइल गरम असताना बायमेटल सुटलेला असतो, तेव्हा टायमर फिरवला तरी हीटर लागणार नाही आणि उगाच नवा भाग खराब वाटेल. फ्रिज दोन-तीन तास चालू द्यावा, मग टायमरची फिरकी स्क्रूड्रायव्हरने बाणाच्या दिशेने 'टिक' होईपर्यंत हळू फिरवावी. कॉम्प्रेसर थांबतो, क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजायच्या मीटरवर) १५० वॉटच्या हीटरला सुमारे ०.६५ अँपिअर दिसतात आणि थोड्या वेळात मागच्या ट्रेमध्ये पाणी ठिबकायला लागतं.

एकंदर संचाला पाचपैकी साडेतीन गुण. बायमेटल आणि फ्यूजची जोडी वेगळी मिळत असेल तर तीच घ्यावी. टायमरही बंद असेल तेव्हा पूर्ण संच परवडतो, आणि हीटर मॉडेल नंबर सांगून स्वतंत्र मागवावा. २४ तासांनी खालच्या कप्प्यात ठेवलेल्या पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहावा: ३ ते ५ अंश हवेत, आणि फ्रीझरमध्ये उणे १८च्या आसपास.