डोक्याला मार लागल्यानंतर वही आणि फोनचा गजर: नऊ महिने वापरून

आमच्या ह्यांना दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला. माणूस किती शुद्धीत आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर 15 पैकी 7 गुण होते. 8 किंवा त्याखाली असेल तर दुखापत गंभीर धरतात. हळूहळू चालणं आलं, बोलणं आलं. घरी आल्यावर मात्र कळलं की लग्नातले पाहुणेसुद्धा आठवतात, पण सकाळचा नाश्ता आठवत नाही. दुपारी दोन वाजेपर्यंत चार वेळा विचारायचे, "आज जेवलो का गं मी?"

रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी वही सुरू करायला सांगितली. साधं 200 पानी रजिस्टर आणलं आणि पेन दोऱ्याने त्यालाच बांधलं. सुट्या चिठ्ठ्या आधी करून बघितल्या होत्या, त्या उशीखाली, खिशात, कुठेही सापडायच्या. वहीत तीनच भाग केले: आज काय झालं, कोण भेटलं, कुठली वस्तू कुठे ठेवली.

पहिला महिना वाया गेला, आणि तो माझ्यामुळे. मी लिहायचे, ते वाचायचे. वर मी परीक्षा घ्यायचे, "आठवा बघू, काल कोण आलं होतं?" ते अंदाजाने मेहुण्याचं नाव घ्यायचे. मी "नाही हो" म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव. ताईंनी समजावलं की चूक दुरुस्त केलेली त्यांच्या लक्षात राहत नाही, स्वतःच्या तोंडून निघालेलं चुकीचं उत्तर मात्र डोक्यात बसतं. म्हणून अंदाज करायलाच लावायचं नाही. आधी वही उघडायची, बरोबर उत्तर वाचायचं, मग बोलायचं. हे मला कोणी दवाखान्यातच सांगायला हवं होतं! तेव्हापासून लिहितात ते स्वतःच. अक्षर वाकडं येतं, एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात, पण आपल्या हातचं म्हणून त्यावर विश्वास बसतो. "जेवलो का" हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात थांबला.

गजराचंही तसंच. नुसती घंटी वाजली की बंद करायचे आणि कशासाठी वाजली तेच विसरायचे. फिटची गोळी दोनदा चुकली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आता गजरात माझाच आवाज आहे: "अहो, आठ वाजले, फिटची गोळी घ्या आणि वहीत खूण करा." घेतली की नाही हे खुणेवरून कळतं, म्हणून दुसऱ्यांदा घेण्याची भीतीही गेली.

मेंदूच्या व्यायामाचं ॲप चार महिने पैसे भरून वापरलं. खेळातले गुण वाढले, पण चष्मा कुठे ठेवला ते काही आठवेना. त्या वेळात मी आता त्यांना चहा करायला लावते. पातेलं, साखर, आलं, रोज त्याच क्रमाने. हाताला सवय झालीय. मध्ये कोणी बोललं तर मात्र साखर दोनदा पडते, म्हणून तेवढा वेळ टीव्ही बंद.

थकव्यावर वहीचा उपाय नाही. दोन पाहुणे येऊन गेले की तासभर अंधाऱ्या खोलीत पडावं लागतं, नाहीतर संध्याकाळी चिडचिड होते. नातेवाइकांना वाटतं, माणूस आळशी झाला. हे ऐकून फार लागतं.

अजून आपणहून वही उघडत नाहीत. गजर वाजला की उघडतात. मागच्या रविवारी मी बाजारात असताना गजर लावायचा राहिला, आणि त्या दिवसाचं पान कोरं आहे.