गाडीतली साऊंड सिस्टीम स्वतः बसवली, त्याला आठ महिने झाले

दिवाळीच्या सुट्टीत बसवली होती, आता अर्धा पावसाळा झाला. मधे पुणे-कोल्हापूर तीन-चार फेऱ्या झाल्या, एकदा ताम्हिणीतून कोकणात जाऊन आलो, म्हणजे ऊन पाऊस खड्डे सगळं बघून झालंय म्हणून आत्ता लिहितोय. बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळंच भारी वाटतं, त्यावरून काही कळत नाही.

गाडी साधी हॅचबॅक. घरात ऐकायला अभंग, नाट्यसंगीत आणि थोडी जुनी हिंदी गाणी. बाबांना मागच्या सीटवर बसून पखवाज नीट ऐकू यावा एवढीच खरं तर इच्छा होती. दुकानात विचारलं तर थेट मोठी स्क्रीन, चारही दारांना नवीन स्पीकर आणि डिकीभर १२ इंची बास असं पॅकेज सांगितलं. घरी येऊन वहीत मांडलं तेव्हा लक्षात आलं की निम्मे पैसे स्क्रीनवरच जातायत आणि आवाजात त्याने फार फरक पडणार नाहीये. मग उलटं केलं: कंपनीची स्क्रीन तशीच ठेवली (तिला आरसीए आउटपुट, म्हणजे अँपकडे सिग्नल न्यायची जोडणी, होतं हे नशीब), मागच्या दारांना हातच लावला नाही, आणि पुढच्या दोन दारांवर जीव ओतला. साडेसहा इंची कंपोनंट सेट, म्हणजे दारात वूफर (जाड सुरांचा मोठा स्पीकर) आणि आरशाच्या त्रिकोणात ट्विटर (बारीक सुरांचा छोटा), एक चार चॅनलचा अँप (आवाजाची ताकद वाढवणारा डबा), त्यातले दोन चॅनल पुढे आणि दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, डिकीतल्या आठ इंची बासच्या सीलबंद बॉक्सला. स्पीकर अँपचं सोडून बाकी सामान तपकीर गल्ली आणि नाना पेठ असं फिरून जमवलं. सगळं मिळून ३० हजारांच्या आत बसलं.

आता खरं महत्त्वाचं. स्पीकर कितीही चांगला घ्या, दार म्हणजे पत्र्याचा डबा आहे आणि तो डबाच वाजतो. मी आधी नुसते नवीन स्पीकर लावून दोन दिवस ऐकले, डग्ग्याची मींड यायची ती नुसती भुसभुशीत, तळ नाहीच. मग आतली पॅनल काढली, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइल शीट (पत्र्याची थरथर मारणारी जड, चिकट रबरासारखी शीट) चिकटवली, रोलरने घासून घासून हवा काढली (एका दाराला अख्खी सकाळ गेली, खांदे भरून आले) आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद केली म्हणजे स्पीकरच्या कोनच्या मागचा आवाज पुढे येऊन बास खात नाही. तेच स्पीकर, तोच अँप, पण दार लावलं की मोठ्या गाडीसारखा धप्प आवाज यायला लागला आणि डग्गा डग्ग्यासारखा. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला, एवढं मी कळकळीने सांगतो.

वायरिंग करताना घाई नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मग बाकीचं. पॉझिटिव्ह वायरला फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतरातच हवा, कारण फ्यूज हा अँपसाठी नाही, वायरसाठी आहे. मधे कुठे वायर सोलून पत्र्याला लागली तर आग लागू शकते. बॉनेटमधून आत येताना रबराच्या ग्रोमेटमधूनच (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घ्या, उघड्या पत्र्याच्या भोकातून अजिबात नाही. ज्यांच्या गाडीत पडद्यासारखी एअरबॅग आहे त्यांनी पुढच्या खांबात वायर किंवा ट्विटर घालू नये. मी त्रिकोणात लावले ते त्याचसाठी.

बसवून झाल्यावर अॅक्सिलरेटर दिला की कुईंSS असा आवाज, आरपीएमबरोबर वर चढणारा. दोन रविवार यात गेले. आरसीए एका बाजूने आणि पॉवर वायर दुसऱ्या बाजूने होती, ते बरोबरच होतं. दोष अर्थिंगचा निघाला, सीटच्या बोल्टला रंगावरच लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबला होता. पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं, परत आवळलं, वरून ग्रीस लावलं, आवाज गायब तो आजतागायत.

गेन, म्हणजे येणारा सिग्नल अँपने किती वाढवायचा ते बटण, कानाने लावू नका, मल्टीमीटरने लावा. अँप ४ ओहमला ५० वॉट आरएमएस (सतत देऊ शकतो ती खरी ताकद) असेल तर ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ साधारण १४. स्पीकर काढून ठेवा, इक्वलायझर सपाट, स्क्रीनचा व्हॉल्यूम पाऊण, पुढच्या स्पीकरच्या चॅनलसाठी १००० हर्ट्झचा टोन लावा आणि १४ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवा, संपलं. बॉक्सवर ५०० वॉट मॅक्स वगैरे छापलेलं असतं ते बघायचंच नाही, फक्त आरएमएस. पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं बंद केलं, ते काम डिकीतल्याला दिलं. स्क्रीनमध्ये डिले (एखाद्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडायची सोय) असेल तर तोही वापरा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, माझ्या कानापासून उजवा स्पीकर डाव्यापेक्षा ५५ सेंटीमीटर जवळ, म्हणून उजव्याला १.६ मिलिसेकंद उशीर दिला तर गाणारा माणूस एकदम डॅशबोर्डच्या मधोमध आला.

पावसाने मात्र परीक्षा घेतली. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून निघून जायचं असतं. जूनमधे वळणावर डाव्या दारातून खळखळ ऐकू आली, उघडून बघतो तर माझीच शीट एका भोकावर आलेली आणि तळाशी बोटभर पाणी. त्याहून वाईट म्हणजे स्पीकरखालच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) रिंगा, रंग न लावता बसवल्या होत्या, त्या भिजलेल्या बिस्किटासारख्या फुगून कडेने पापुद्रे सुटलेले, स्क्रू हाताने फिरत होते. त्यामुळेच मधल्या काही सुरांना झर्रर्र यायची. आता प्लास्टिकच्या रिंगा घातल्यात आणि स्पीकरवर फोमचं छोटं छप्पर केलंय. त्यानंतर ताम्हिणीत धो धो पावसात तीन तास गाडी होती, दार कोरडं नाही पण खळखळ किंवा झर्रर्र नाही.

बॅटरी, इंजिन चालू असताना, काही त्रास नाही. गाडी बंद करून तासभर ऐकत बसणं मात्र सोडून दिलंय. डिकीत बॉक्समुळे एक मोठी बॅग कमी मावते, गावाहून तांदूळ आणताना ते जाणवतं, म्हणून बॉक्सला वायरीचा कनेक्टर लावलाय, दोन मिनिटात काढून घरी ठेवतो.

एकादशीला बाबा मागे बसले होते, पहिल्या कडव्यानंतर म्हणाले, "अरे, टाळ डावीकडून येतायत, पखवाज उजवीकडे आहे बघ." टाळ मला अजून थोडे टोचतात, क्रॉसओव्हरवर (वूफर आणि ट्विटरला सूर वाटून देणारी छोटी डबी) ट्विटर ३ डेसिबल कमी करायची सोय आहे, येत्या रविवारी ते करून बघणार आहे.