‘वाणिज्य प्रयोगशाळा संचा’च्या नावाखाली २७,७३० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

कॉमर्सच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘वाणिज्य प्रयोगशाळा संच’ नावाची जाहिरात तुमच्याकडे आली नसेल, तर पुढच्या जूनमध्ये येईल. नाव बदलेल, नंबर बदलेल, पद्धत हीच राहील. माझे २७,७३० रुपये गेले. त्यातले १२,००० मुलांचे होते. बारावीच्या ४० मुलांनी प्रत्येकी ३०० रुपये माझ्या हातात आणून दिले होते. उरलेले १५,७३० माझे, आणि विनाअनुदानित तुकडीवर शिकवणाऱ्या बाईच्या हातात महिन्याला काय पडतं ते या क्षेत्रातल्या माणसाला सांगायला नको.

आधी हे सांगते की मी हे का घेतलं, कारण ‘कॉमर्सच्या मॅडम असून फसल्या’ हे वाक्य मला आता स्टाफरूममध्ये, घरी आणि पोलीस ठाण्यातसुद्धा ऐकवून झालंय. आमच्याकडे विज्ञान शाखेला तीन प्रयोगशाळा आहेत. कॉमर्सला एक फळा आहे. वाणिज्य संघटन व व्यवस्थापनात ‘व्यावसायिक सेवा’ शिकवायच्या, गोदाम, विमा, बँक, वाहतूक, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी डिमांड ड्राफ्ट कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. चिटणीसाच्या कार्यपद्धतीत भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, शिकवायचं तर ते चित्र काढून. पुस्तपालनात विनिमय पत्र, म्हणजे उधारीचे पैसे द्यायचा लेखी आदेश, शिकवताना आदेशक म्हणजे तो काढणारा कोण आणि आदेशिती म्हणजे पैसे देणारा कोण हे मुलं पाठ करतात, पण तो कागद हातात घेतला की कुठे कोणाची सही येते ते एकालाही सांगता येत नाही. वीस गुणांच्या प्रकल्पासाठी मुलं झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाइल आणतात. बाजारात जे काही चांगलं साहित्य आहे ते इंग्रजीत. अशा वेळी कोणी म्हणालं की सगळं मराठीत आहे, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे आहे, एनईपी २०२० म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून आहे, तर शिक्षक ऐकून घेणारच. त्या लोकांना आपली ही नड नेमकी माहीत असते. फोनवर बोलणाऱ्या माणसाने मला धडा क्रमांकासकट विचारलं होतं, ‘मॅडम, तिसऱ्या धड्याला, उद्योजकता विकासाला तुम्ही ॲक्टिव्हिटी काय घेता?’ माणूस पाठ्यपुस्तक वाचून बसला होता.

संचात काय काय होतं? चेक, ड्राफ्ट, विनिमय पत्र, भाग प्रमाणपत्र यांचे छापील नमुने, फायोलच्या व्यवस्थापनाच्या १४ तत्त्वांचे तक्ते, चार गटांनी चार कंपन्या चालवायचा एक व्यापार खेळ, ५० सराव पुस्तिका आणि पेन ड्राइव्हवर मराठी व्हिडिओ. मूळ किंमत २४,०००, ‘ग्रामीण महाविद्यालय सवलत’ धरून १८,५००.

आता कोटेशनकडे येते. तो कागद आजही माझ्या पर्समध्ये आहे आणि तो बघितला की माझा जळफळाट होतो. वर नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’, पत्ता दिल्लीचा. खाली हिशोब असा: संच १८,५००. सीजीएसटी ९ टक्के, १,६६५. एसजीएसटी ९ टक्के, १,६६५. एकूण २१,८३०.

दिल्लीचा विक्रेता, महाराष्ट्रातला ग्राहक. आंतरराज्य व्यवहार. तिथे राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी-एसजीएसटी लागतच नाहीत, दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी लागतो. अकरावीच्या रोजकीर्दीच्या प्रकरणात हे मी दरवर्षी शिकवते. जे मूल आयजीएसटीच्या जागी दोन ओळी लिहितं त्याचे गुण मी कापते. आणि हाच कागद माझ्या टेबलावर होता, मी बेरीज तपासली, बेरीज बरोबर आली, मी कागद फाइलला लावला. बेरीज! एवढंच नाही, छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य असतो. ५० पुस्तिका, पेन ड्राइव्ह, तक्ते, सगळ्यावर एकगठ्ठा १८ टक्के का लावले, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

तो कागद आला तो प्रवेशाचा आठवडा होता. खिडकीवर रांग, वर्गात दाखले तपासणं, मध्येच ऑनलाइन फॉर्मचं सर्व्हर बंद. हे लोक जूनमध्येच फोन करतात ते उगाच नाही. बाकीच्या दहा महिन्यांत मी तो कागद असा सोडला नसता.

जीएसटी क्रमांकाबद्दल एक गोष्ट आताच लिहून ठेवा. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकाचं सहावं, कंपनी असेल तर ‘सी’ असतं आणि एकटी व्यक्ती असेल तर ‘पी’. माझ्या कोटेशनवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’च्या खाली ‘पी’ होता आणि दिल्लीच्या पत्त्याखाली २७ होता. जीएसटीच्या पोर्टलवर करदाता शोधायची सोय फुकट आहे, लॉगिन लागत नाही. नंतर मी तो क्रमांक टाकला. नाव भलत्याच माणसाचं, आणि नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम आहे. पैसे पाठवण्याआधी करा, प्राचार्यांची सही असो वा नसो.

पैसे असे गेले. निम्मा ॲडव्हान्स १०,९१५. मग वाहतूक आणि विमा १,१८०. मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीचा, फोटो आला, ‘माल ट्रान्सपोर्टला लागलाय, उरलेले भरले की गाडी सुटेल’, म्हणून आणखी १०,९१५. तिन्ही वेळा यूपीआयने. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. तिथे कंपनी नव्हती, एका माणसाचं नाव होतं. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे मॅडम, हे आमच्या अकाउंटंटचं आहे.’ आता सगळे म्हणतात, तिथेच थांबायला हवं होतं. आमच्या तालुक्यात स्टेशनरीवाला, सहलीचा बसवाला, गॅदरिंगचा मंडपवाला, सगळे स्वतःच्या नाहीतर मुलाच्या खात्यावर पैसे घेतात आणि कामंही करतात. आमचा रोजचा व्यवहारच असा चालतो, आणि हेही त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

मग पार्सल आलं. हो, आलं. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी फसवणूक या पार्सलवर उभी आहे.

स्पीड पोस्टाचं पाकीट होतं, शिपाईमामांनी सही करून घेतलं. आत फोटोकॉपी केलेले सहा तक्ते आणि एक पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हला पासवर्ड. फोन केला तर, ‘पहिला लॉट आहे, पुस्तिका मागून येतायत. पासवर्डसाठी डिजिटल लायसन्स, ४,००० अधिक जीएसटी.’ म्हणजे ४,७२०. तेही भरले. तेवीस हजार अडकलेले असताना चार-पाच हजारांसाठी माणूस मागे फिरत नाही, आणि मुलं रोज विचारत होती, ‘मॅडम, खेळ कधी आला?’

पेन ड्राइव्ह उघडला. बारावीच्या बालभारतीच्या पुस्तकाची पानं. जिथे जिथे क्यूआर कोड होता, तिथे पांढरा चौकोन. ‘ग्राहक संरक्षण’ या धड्याच्या एका पानावर चौकोन नीट बसला नव्हता, त्याच्या कडेने कोडचे काळे ठिपके दिसत होते. जी पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावरून कोणीही फुकट उतरवून घेतं, ती मला विकली. व्हिडिओंच्या फोल्डरमध्ये चार फाइली, एकही चालली नाही. त्यानंतर उरलेल्या मालासाठी ६,५०० ‘परत मिळणारी अनामत’ मागितली तेव्हा मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवले का?’ हो. ‘वस्तू मिळाली का?’ मी म्हटलं, मिळाली ती वस्तू नव्हे. ‘पण पार्सल मिळालं ना?’ तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पण पैसे गोठवण्याची वेळ कधीच टळून गेली होती. १९३० चा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. आणि पार्सलची वाट बघणारा माणूस पहिल्या काही तासांत तक्रार कशी करणार? पार्सलचं आश्वासन असतं ते यासाठीच.

पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी कोटेशन बघितलं, पाकीट बघितलं आणि म्हणाले, ‘मॅडम, हा दिवाणी वाद आहे. माल कमी आला, एवढंच.’ मी म्हटलं, खोटा जीएसटी क्रमांक, खोटी कंपनी, खोटी बिल्टी, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तर म्हणाले, ‘तुम्ही सायबरला जा.’ सायबरला गेले तर, ‘रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यातच द्या.’ लहान! माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या आईने ते ३०० रुपये दोन हप्त्यांत दिले. एक साहेब तर हसत म्हणाले, ‘कॉमर्सच्या मॅडमना आम्ही काय सांगणार?’ चोराचा नंबर, यूपीआय आयडी, खातेदाराचं नाव, यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, सगळं टाइप करून नेलं होतं. तो कागद कोणी हातातसुद्धा घेतला नाही. घरफोडीच्या तक्रारीला चोराचं नाव सांगणारा माणूस आला असता तर त्याला असं परत पाठवलं असतं का?

बँकेत सांगितलं, पिन तुम्ही टाकला, आमची जबाबदारी नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्याची माहिती पोलिसांनी मागितली तरच देऊ. पोलीस मागत नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सौजन्याने बोलले, पण ते कंपनीला पत्र पाठवतात, आणि ही कंपनीच अस्तित्वात नाही. शिक्षण विभागाच्या कार्यालयात तर मलाच विचारणा, मुलांकडून पैसे कोणाच्या परवानगीने गोळा केले? खरेदी समितीचा ठराव कुठे आहे? संस्थेने हात वर केले, ‘तुम्ही परस्पर केलंत.’ वर्गाला साहित्य द्या म्हणून मी वर्षानुवर्षं अर्ज करतेय, त्याच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. त्या ठरावाची आठवण तेव्हा कोणालाच होत नाही.

म्हणून सांगते, पार्सल ही त्यांची ढाल आहे. पाचशे रुपयांचा कचरा पाठवला की गुन्ह्याचा ‘व्यवहारातला वाद’ होतो, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पार्सल आलं तर उघडताना व्हिडिओ काढा, दोन साक्षीदार ठेवा. कमी-जास्त निघालं की त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच ठेवा. मी पाठवली आहे. ग्राहक आयोगात दिल्लीला जावं लागेल असं मला दोघांनी सांगितलं, ते साफ खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

मुलांचे १२,००० मी परत केले. पहिल्यांदा चौघांनी घ्यायला नकार दिला, त्यांनाही दिले.

आणि साहित्य हवंच असेल तर विकत घेण्याआधी आपल्या बाजारपेठेत फिरा. बँकेतून कोऱ्या भरणा स्लिपा मिळतात. आडत्याकडे जुनी हिशोबपट्टी मागितली की तो देतो. तोलाई, हमाली, आडत, सगळी वजावट एका कागदावर, पुस्तपालनाला याहून चांगला नमुना नाही. ट्रान्सपोर्टवाल्याकडून जुनी बिल्टी आणा. मी आणली, आणि तेव्हा कळलं की माझ्या मोबाइलवर आलेल्या बिल्टीवर गाडीचा क्रमांकच नव्हता. बालभारतीच्या पीडीएफ फुकट आहेत, सरकारचं दीक्षा ॲप फुकट आहे, एनसीईआरटीची व्यवसाय अध्ययनाची पुस्तकं फुकट आहेत. व्यापार खेळ मुलांनी या वर्षी स्वतः पुठ्ठ्यावर बनवला.

ज्यांना असं पाकीट आलंय त्यांना एकच विनंती, पाकीट फेकू नका. स्पीड पोस्टाच्या चिकटपट्टीवर बुकिंगचं कार्यालय आणि वजन छापलेलं असतं. माझ्या पाकिटाचं वजन ४१० ग्रॅम आहे, म्हणजे ५० पुस्तिका त्यात कधीच नव्हत्या, आणि बुकिंग दिल्लीचं नाही, महाराष्ट्रातल्याच एका शहराचं आहे. अधीक्षकांकडच्या तक्रारीला मी त्या पट्टीचा फोटो जोडलाय. तुमच्या पट्टीवर कोणतं कार्यालय आहे ते बघा. एकाच कार्यालयाची चार पाकिटं निघाली, तर ‘दिवाणी वाद’ म्हणणं कोणत्याही ठाण्याला जड जाईल.