रब्बीला गावरान ज्वारी पेरावी की सुधारित?

दोन-तीन एकर काळं रान, दावणीला जनावरं, घरची भाकरी भागवून उरलं तर मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) घालायचं, असा हिशोब असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: मोठं रान सुधारित वाणाला द्या, पण दहा-पंधरा गुंठे गावरान पेराच.

मोंढ्याचा विचार केला तर सुधारित वाण सरस. परभणी कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’चा दाणा टपोरा, चमकदार. पीक एकसारखं येतं, काढणी एकदम होते. हा संकरित वाण नाही, त्यामुळे घरचं बियाणं पुढच्या साली चालतं. संकरित घेतलं तर दरवर्षी नवी पिशवी आली. कोरडवाहू रब्बीत मला तो खर्च पटत नाही.

गावरान वाण उताऱ्यात मागे पडतात. उंच ताटं वाऱ्याने लोळतात, काणीही (दाण्याजागी काळी भुकटी करणारा बुरशीरोग) दिसते. पण रानात उभं राहून बघा: काही ताटं आधी निसवतात (कणीस बाहेर काढतात), काही आठवड्याने. मोंढ्यात हाच दोष ठरतो, पण ओल मधेच तुटली तर सगळं पीक एकदम हातचं जात नाही. उंच ताटांचा कडबाही जास्त. हुरड्याला तर गुळभेंडी किंवा कुचकुचीच हवी; भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की गोंडरातून (दाण्यावरच्या टरफलातून) दाणा सहज सुटतो, जिभेवर गोड लागतो. (विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ही हुरड्यासाठीच आहे, तोही चांगला.) जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे त्या भागात नावावर विकायची सोय झाली आहे.

आणि मालदांडी 35-1? आजही रब्बीत सगळ्यांच्या तोंडी असलेला हा वाण 1930 च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतूनच निवडला गेला. गावरान वाण रानातून गेले तर पुढची मालदांडी निवडायची कशातून? शीतगृहात बियाणं जपलं जातं, तेही हवंच. पण बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला वाण दरसाल मातीत पडावा लागतो.

2001 च्या वाण संरक्षण कायद्याने घरचं बियाणं राखायचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. फक्त ते नीट राखा. दोन वाणांत 200 मीटर अंतर ठेवा. तेवढं रान नसेल तर कडेच्या ओळी सोडून मधली कणसं घ्या. खळ्यावरच्या ढिगातून बी काढू नका, उभ्या पिकात निरोगी ताटं हेरून खुणेची चिंधी बांधा. सगळी कणसं एकाच उंचीची निवडू नका, नाहीतर वाणातला फरकच मरतो. पेरणीआधी किलोला 4 ग्रॅम गंधक चोळा, काणी आटोक्यात राहते. थोडं बी दुसऱ्या गावच्या पाव्हण्यांकडेही ठेवा. एखाद्या साली आपलं पीक बुडालं तर तिकडून मागता येतं.