आगळ घातलेलं शेंगदाण्याचं तिखट ड्रेसिंग: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

वेंगुर्ल्यात आमच्या घरी हे ड्रेसिंग आता दह्यातल्या कोशिंबिरीपेक्षा जास्त वेळा होतं. सुरुवातीला सासूबाईंनी "काकडीक येवढो सोपस्कार कित्याक?" म्हणून नाक मुरडलं होतं. आता तळलेल्या बांगड्याशेजारी ते नसलं तर त्याच विचारतात.

साहित्य साधंच आहे: वाटीभर शेंगदाणे, तीन बेडगी मिरच्या आणि एक लवंगी, चमचाभर गूळ, लसणाच्या तीन-चार पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा आणि दोन-तीन चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. तेल लागत नाही. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मी चरबी असते, ती सोडवून घेतली की झालं. मंद आचेवर दाणे आतपर्यंत भाजायचे, सालं पाखडायची आणि कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात घालायचे. आधी कूट होतो, मग त्याचे गोळे भांड्याच्या कडेला चिकटतात. बहुतेक जण इथेच कंटाळून पाणी ओततात. तसं करू नका. थांबत थांबत, कडा खरवडत फिरवत राहिलं की तेल सुटून मिश्रण वाहायला लागतं. सलग फिरवलं तर मिक्सर तापून बंद पडतो. मग तळाचं लाल बटण दाबण्याआधी त्याला जरा निवू द्यावं लागतं.

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट ही: ड्रेसिंग करून ठेवू नका, गोळा करून ठेवा. दाणे, भाजलेल्या मिरच्या आणि गूळ इतकंच वाटून, पाण्याचा थेंब न लागू देता काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवते. आठवडाभर तरी चव बदलत नाही. लसूण, आलं आणि आगळ ऐनवेळी. कच्चा लसूण वाटून ठेवला की दुसऱ्या दिवशी उग्र वास मारतो, आणि तेलकट मिश्रणात तो दिवसचे दिवस ठेवणं तसंही बरं नाही. गोळ्यात आगळ पडल्यावर तो आधी आवळतो, अगदी सिमेंटसारखा, आणि सगळं बिघडलं असं वाटतं. घाबरायचं नाही. कोमट पाणी चमच्या-चमच्याने घालत घोटलं की एकदम सैल होऊन गुळगुळीत होतो.

आगळ म्हणजे रातांब्याच्या सालींना मीठ लावून सुटलेला रस, त्यामुळे आंबट आणि खारट दोन्ही एकदम येतं. वेगळं मीठ घालूच नका, शेवटी चाखून बघा. लिंबाने चव लख्ख येते पण उथळ राहते. व्हिनेगर दाण्यावर मला आवडलं नाही. आगळाने रंग मात्र तपकिरी-जांभळट होतो, पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. तिखट जिभेवर लगेच लागत नाही. मिरचीचा तिखटपणा चरबीत विरघळतो, म्हणून दाण्याच्या तेलात तो दबतो आणि मागाहून चढतो. पहिल्या चमच्यावरून अंदाज बांधून मिरची वाढवू नका.

किसलेली कच्ची पपई आणि बारीक चिरलेला कोबी यांवर हे उत्तम. मोड आलेल्या मुगावरही चालतं. श्रावण-भाद्रपदातली मोठी तवशी (पावसाळी काकडी) असेल तर बिया काढा आणि पानात वाढतानाच कालवा, नाहीतर आगळातल्या मिठाने दहा मिनिटांत खाली पाणीच पाणी. उकडलेल्या कोळंबीवर तर मी जेवणच भागवते. टोमॅटोवर मात्र नको, आंबटावर आंबट होतं. पाण्याऐवजी नारळाच्या दुधाने सैल केलं तर चव फार सुरेख येते, पण ते त्याच जेवणात संपवायचं.

पावसाळ्यात खरी परीक्षा दाण्यांची. दमट हवेत ते सादळतात, खवट होतात, आणि एक खवट दाणा आख्खा गोळा बिघडवतो. जून ते सप्टेंबर मी पाव किलोच्या वर आणत नाही, आणल्या दिवशीच भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात भरते. बुरशी लागलेले, काळवंडलेले, सुरकुतलेले दाणे सरळ टाकून द्यावेत. त्यातलं अफ्लाटॉक्सिन घरच्या भाजण्याने जात नाही. इथल्या दुकानांत बहुतेक माल घाटावरून येतो. भातानंतर भुईमूग करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्याकडून घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण गौरव' ही जात आपल्या हवेसाठीच काढलेली आहे.

तक्रार एकच: भांडं धुणं. पात्याखाली अडकलेला गोळा साध्या पाण्याने हलत नाही. गरम पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून मिक्सर एकदा फिरवला की निघतो.

उपासाला लसूण आणि लाल मिरची वगळून हिरवी मिरची आणि जिरं घालते. आगळात साधं मीठ असतं, त्यामुळे ज्यांना उपासाला सैंधवच चालतं त्यांच्यासाठी लिंबू पिळायचं.