पर्जन्यमानासाठी मॉडेलची निवड: समुद्राच्या तापमानातील चूक आणि तीन पर्याय

हवामान मॉडेलमधील पर्जन्यमान जलनियोजनासाठी किंवा संशोधनासाठी वापरू पाहणाऱ्यासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात. पहिला म्हणजे महासागर आणि वातावरण एकमेकांशी जोडलेले मॉडेल घेऊन त्याच्या पावसावर नंतर सांख्यिकी दुरुस्ती करणे. दुसऱ्या पर्यायात समुद्रपृष्ठाचे प्रत्यक्ष मोजलेले तापमान पुरवून केवळ वातावरणाचे मॉडेल चालवले जाते. तिसऱ्यात मोजलेल्या तापमानात जोडलेल्या मॉडेलने दाखवलेली भावी वाढ मिळवून तेच वातावरण पुन्हा चालवतात. यांतून निवड करताना प्रथम हे पाहावे लागते की, समुद्राच्या तापमानातील चूक पावसापर्यंत पोहोचते कशी.

ती सर्वत्र सारखी पोहोचत नाही. २२ अंश सेल्सिअसच्या समुद्रावर एका अंशाची चूक पावसात फारशी दिसत नाही, परंतु उष्णकटिबंधात २७-२८ अंशांच्या आसपास तीच चूक निर्णायक ठरते. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिंदी महासागराच्या संदर्भात दाखवून दिले की, संघटित ढगांसाठी सुमारे २८ अंशांचा उंबरठा ओलांडला जाणे आवश्यक असते, मात्र तेवढे पुरेसे नसते. शिवाय वारे कोठे एकवटतील हे तापमानाच्या चढउतारावर ठरत असल्यामुळे तापमानातील चूक जेथे आहे तेथेच तिचा परिणाम थांबत नाही, तर हजारो किलोमीटर दूरवर जाणवतो.

जोडलेल्या मॉडेलांत या चुका चिवट आहेत. विषुववृत्तीय प्रशांत महासागरातील थंड पाण्याचा पट्टा त्यांत पश्चिमेकडे गरजेपेक्षा जास्त पसरतो, पेरू आणि नामिबियाच्या किनाऱ्यांजवळ सखल ढग कमी पडल्याने समुद्र जास्त तापतो आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला प्रत्यक्षात नसलेला, दुसरा पर्जन्यपट्टा उभा राहतो. जगभरातील हवामान मॉडेलांची तुलना करणाऱ्या सीएमआयपी प्रकल्पाच्या तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या अशा तिन्ही टप्प्यांत हा दोष दिसतो. अरबी समुद्राचे उदाहरण अधिक बोलके आहे. हिवाळ्यात उत्तरेकडील जमिनीवरून येणारी कोरडी हवा अनेक मॉडेलांत वाजवीपेक्षा थंड असते, त्यामुळे समुद्र अधिक निवतो, आणि ही थंडी वसंत ऋतूपर्यंत टिकल्याने मोसमी पाऊस सुरू होण्याच्या काळात बाष्पीभवन घटून भारतीय भूभागाकडे जाणारे बाष्प कमी पडते. जूनमधील पावसाच्या तुटीचे मूळ जानेवारीत असू शकते, ते असे.

सांख्यिकी दुरुस्ती येथे कितपत उपयोगी पडते? पावसाचे आकडे ती त्या-त्या ठिकाणच्या नोंदींशी जुळवते, पण चुकीच्या जागी बसलेला पर्जन्यपट्टा हलवू शकत नाही. तापमानवाढीमुळे तो पट्टा सरकला, तर दुरुस्त केलेले आकडे बदल भलत्याच प्रदेशाच्या नावावर मांडतात, आणि आकडे वरून नीटनेटके दिसत असल्यामुळे हा धोका अधिक गंभीर आहे.

केवळ वातावरण चालवण्याच्या पद्धतीचा, म्हणजे एएमआयपी प्रयोगांचा, मोठा गुण असा की, उरलेली चूक वातावरणाचीच आहे हे कळते. सीएमआयपी ६ मध्ये, म्हणजे त्या प्रकल्पाच्या सहाव्या टप्प्यात, हे प्रयोग १९७९ ते २०१४ या काळासाठी आहेत आणि त्यांत दुहेरी पट्ट्याचा दोष बराच कमी होतो. मात्र येथे समुद्र पावसाला प्रतिसाद देत नाही. पश्चिम प्रशांतात उन्हाळ्यात ढगांची सावली आणि जोराचे वारे समुद्राला निववतात, म्हणून तेथे जास्त पाऊस आणि उबदार पाणी यांचा संबंध प्रत्यक्षात क्षीण किंवा उलटा असतो; समुद्र बांधून ठेवला की मॉडेल तोच संबंध सुलटा दाखवते. भविष्याबद्दल तर ही पद्धत स्वतःहून काहीच सांगत नाही.

तिसरा पर्याय भविष्याच्या प्रश्नासाठी मला सर्वांत समर्थनीय वाटतो, कारण चूक पाऊस पडण्याआधीच दुरुस्त होते. उष्णकटिबंधातील पावसाचा बदल बऱ्याच अंशी समुद्र किती तापला यापेक्षा इतर उष्णकटिबंधीय समुद्रांच्या तुलनेत किती तापला यावर ठरतो. सीएमआयपी ६ मध्ये समुद्र सर्वत्र सारखा ४ अंशांनी तापवलेला आणि ठिकाणानुसार कमी-अधिक तापवलेला, असे दोन्ही प्रयोग आहेत. ते शेजारी ठेवले की पावसातील बदलाचा किती भाग वाढीच्या वाटणीमुळे, म्हणजे समुद्र कोठे किती तापला यामुळे, आला हे दिसते. पण ही वाटणी जोडलेल्या मॉडेलांकडूनच उसनी घ्यावी लागते, आणि १९८० नंतर पूर्व विषुववृत्तीय प्रशांत महासागर अनेक मॉडेलांनी दाखवला तसा तापलेला नाही. म्हणून एका मॉडेलची वाटणी घेऊन काम भागवू नये. परस्परांहून भिन्न अशा काही वाटण्या घेऊन निष्कर्ष किती बदलतो ते पाहावे.

जोडलेल्या मॉडेलचा समुद्र भरकटू नये म्हणून समुद्र आणि वातावरण यांच्यातील उष्णतेच्या प्रवाहात कृत्रिम भरपाई करण्याची १९९० च्या दशकातील पद्धत दीर्घकालीन अंदाजांतून बहुतांशी मागे पडली आहे. तयार माहितीसाठी तिचा विचार करण्याचे कारण नाही.

पहिला पर्याय सरसकट टाकून देण्याची मात्र गरज नाही. समुद्राचा प्रतिसाद हाच अभ्यासविषय असेल, उदाहरणार्थ एल निनो आणि पाऊस यांचा संबंध, तर जोडलेल्या मॉडेलशिवाय मार्ग नाही. अशा वेळी पर्जन्यकाळाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत मॉडेलमधील २८ अंशांची समतापरेषा (समुद्रपृष्ठाचे तापमान २८ अंश असलेली ठिकाणे जोडणारी रेषा) आणि निरीक्षणांतील रेषा एकाच नकाशावर काढाव्यात. आपल्या प्रदेशाला बाष्प पुरवणाऱ्या समुद्रावर त्या जवळपास जुळत असतील, तर त्या मॉडेलच्या पावसावर सांख्यिकी दुरुस्ती करून पुढे जाण्यास हरकत नाही. त्या दूर असतील, तर दुसरे मॉडेल किंवा तिसरा पर्याय घ्यावा.