मिनी पीसी उत्तम, कर्नल मात्र मार्च 2021चा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रोग्रामिंगच्या शिकवणीसाठी घेतलेल्या या मिनी पीसीची वैशिष्ट्ये विक्रीच्या पानावर आहेतच, म्हणून ती इथे पुन्हा देत नाही. यंत्र आवाज करत नाही, विजेचे बिल जाणवण्याइतके वाढलेले नाही आणि अनेक विद्यार्थी एकाच वेळी लॉगिन करून सराव करत असतानाही ते अडखळत नाही. तक्रार आहे ती कंपनीने स्वतः जुळवून दिलेल्या लिनक्स या कार्यप्रणालीबद्दल.

प्रणालीची आवृत्ती सांगणारी ‘युनेम’ ही आज्ञा दिली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 5.4 असून तो मार्च 2021मध्ये तयार केल्याचे दिसते, आणि अपडेट मागितल्यास ‘प्रणाली अद्ययावत आहे’ असे उत्तर येते. म्हणजे क्वालिस या संगणक-सुरक्षा कंपनीने 20 जुलै 2021 रोजी ‘सिक्वोया’ या नावाने जाहीर केलेला दोष इथे अजून तसाच आहे. फाइल प्रणालीच्या ‘सेक फाइल’ या, कर्नलची माहिती फाइलसारखी वाचायला देणाऱ्या, भागात तो 2014पासून होता. एकात एक डिरेक्टरी करत एक गिगाबाइटहून लांब मार्ग बनवला, तो माउंट करून (म्हणजे फाइल प्रणालीत जोडून) पुसला आणि मग अशा जोडण्यांची यादी देणारी ‘माउंटइन्फो’ वाचली, की कर्नल आपला बफर, म्हणजे मजकुरासाठी राखलेली तात्पुरती स्मृती, दुप्पट-दुप्पट करत दोन गिगाबाइटपर्यंत नेतो. हा आकार पुढे 32 बिटांच्या चिन्हयुक्त (धन-ऋण दोन्ही साठवणाऱ्या) पूर्णांकात मावत नाही आणि ऋण होतो. सीमेची तपासणी तिथे आहे, हेच मला सर्वांत खटकते. पुसलेल्या मार्गापुढे ‘डिलीटेड’ हा शेरा लिहिण्यापूर्वी शिल्लक जागेतून त्याची लांबी, 10, वजा केली जाते आणि बाकी ऋण आली तर काम थांबते. परंतु सर्वांत लहान ऋण संख्येतून 10 वजा केल्यावर बाकी उलटून धन होते, तपासणी निमूटपणे वाट सोडते आणि तो शेरा बफरच्या दोन गिगाबाइट मागे, भलत्याच स्मृतीत लिहिला जातो. क्वालिसने याच वाटेने उबुंटू 20.04 आणि डेबियन 11 या लिनक्सच्या प्रकारांवर साध्या खात्यातून रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याचे, अधिकार मिळवून दाखवले होते. दुरुस्ती काय, तर बफरच्या आकाराला मर्यादा घालणाऱ्या मोजक्या ओळी.

ग्राहकसेवेने आधी अँटिव्हायरस टाकायला सांगितले आणि नंतर वार्षिक देखभाल करार घ्या, मग पाहू, असे कळवले. आधीच विकलेल्या वस्तूतील मोफत उपलब्ध असलेली दुरुस्ती पैसे घेऊन देण्याची ही पद्धत मला मान्य नाही.

एक तारा देण्याचे ठरवले होते. पण क्वालिसच्या हल्ल्याला सुमारे पाच गिगाबाइट स्मृती लागते आणि यंत्र चार गिगाबाइटचे आहे, हे लक्षात आल्यावर मत थोडे निवळले. दुर्दैवाने जुन्या लॅपटॉपमधील रॅम वाया जाऊ नये म्हणून मी ती यात बसवली होती, त्यामुळे आता आठ गिगाबाइट आहेत. ती काढून पैशाची बचत पाण्यात घालण्यापेक्षा या हल्ल्याला लागणाऱ्या कर्नलच्या दोन सोयी, युजर नेमस्पेस आणि ईबीपीएफ, सामान्य खात्यांसाठी बंद केल्या. त्याने क्वालिसची वाट अडते, मूळ दोष जात नाही.

वेगळी प्रणाली टाकल्यास वॉरंटी जाईल, असे कंपनीचे लेखी उत्तर आहे. वॉरंटी दिवाळीत संपते; त्यानंतर यावर डेबियन बसेल. यंत्राला चार तारे, सोबतच्या लिनक्सला एकही नाही.